पाचवी शिष्यवृत्ती आणि नवोदय: सराव पेपरचे गुण अडकलेत, मुलगी पेपर लपवते

कोयनाकाठ | नोव्हेंबर २०२४

मुलगी पाचवीत आहे, मराठी माध्यम, जिल्हा परिषदेची शाळा. १८ जानेवारी २०२५ ला नवोदयची (सहावीपासूनची निवासी शाळा) निवड चाचणी आणि ९ फेब्रुवारीला शिष्यवृत्ती. दोन्ही अर्ज भरलेत. शाळा आणि जादा तास धरून आठवड्याला तीन पूर्ण सराव पेपर होतात.

शेवटच्या शिष्यवृत्ती सरावात ३०० पैकी १७६. फोड अशी: मराठी ३८/५०, गणित ४८/१००, इंग्रजी ४०/५०, बुद्धिमत्ता ५०/१००. महिनाभर आकडा १७० ते १८० मध्येच फिरतोय.

१) १७६ म्हणजे नेमकं कुठे आहोत? पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी सगळ्या मुलांची क्रमवार यादी टाकली जाते. पहिले दोघे २४० च्या पुढे आहेत.
२) पेपर आणखी वाढवावेत का?
३) दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र झेपते का?
४) तपासून आलेला पेपर ती दप्तरात लपवते. रविवारी सकाळी पोट दुखतं म्हणते. यावर काय करायचं?

"अभ्यास वाढवा" एवढंच नको, नेमकं सांगा.

---

फळाखडू

आधी आकड्याचा अर्थ. शिष्यवृत्तीत दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्यात प्रथम भाषा २५ प्रश्न आणि गणित ५०. दुसऱ्यात इंग्रजी २५ आणि बुद्धिमत्ता ५०. प्रत्येक प्रश्नाला २ गुण, चुकीला वजाबाकी नाही. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के, म्हणजे ६० गुण लागतात. तुमच्या मुलीचे पेपर एकला ८६ आणि पेपर दोनला ९०. पात्रतेच्या रेषेच्या ती आजच बरीच वर आहे.

पण पात्र होणं वेगळं आणि शिष्यवृत्ती लागणं वेगळं, इथे बहुतेक पालकांचा घोळ होतो. शिष्यवृत्तीचे संच (म्हणजे एकूण किती मुलांना ती मिळणार तो आकडा) ठरलेले असतात आणि ते जिल्हा, तालुका, ग्रामीण-शहरी अशा विभागणीने वाटले जातात. राज्यभरातून पाचवीची पाच लाखांच्या आसपास मुलं बसतात आणि संच सोळा हजारांच्या आसपास. त्यामुळे "इतके गुण पडले की लागतेच" असा आकडा आधी कोणी सांगू शकत नाही. एका जिल्ह्यात यादी जिथे थांबते, तिथे शेजारच्या जिल्ह्यात थांबत नाही, आणि पेपर अवघड निघाला की सगळीकडचा आकडा खाली येतो. रक्कम म्हणाल तर वर्षाला ५००० रुपये, सहावी ते आठवी अशी तीन वर्षं. चांगली मदत आहे, पण दहा वर्षांच्या मुलीची झोप आणि पोट बिघडावं इतकी मोठी नाही.

आता गुण का अडकलेत. दोन शक्यता आधी तपासा.

पहिली, अभ्यासक्रम. परीक्षा फेब्रुवारीत, पण प्रश्न पूर्ण पाचवीवर. गणिताच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात विभाज्य-विभाजक, दशांश अपूर्णांक, कालमापन, परिमिती-क्षेत्रफळ, त्रिमितीय वस्तू, चित्रालेख आहेत. शाळेत हा भाग दिवाळीनंतर सुरू होतो. सराव पेपरात मात्र तो ऑगस्टपासून असतो. न शिकवलेल्या घटकावर गेलेले गुण हे मुलीचं अपयश नाही. ते जानेवारीपर्यंत आपोआप कमी होतात.

दुसरी, अंदाजाने रंगवलेली उत्तरं (उत्तरपत्रिकेत निवडलेल्या पर्यायाचा गोल पेनने भरायचा असतो). समजा वेळ संपला म्हणून १२ प्रश्न डोळे झाकून रंगवले. चार पर्याय आहेत, म्हणजे सरासरी ३ बरोबर येणार. पण एखाद्या रविवारी १ येईल, एखाद्या रविवारी ५. नुसत्या योगायोगाने २ ते १० गुण इकडेतिकडे. म्हणून एका आठवड्यात ८ गुण वाढले म्हणून पेढे नकोत आणि ८ घटले म्हणून ओरडणं नको. त्यात प्रत्येक प्रकाशनाच्या सराव पेपराची काठिण्यपातळी वेगळी. या आठवड्याचे १७६ आणि मागच्या आठवड्याचे १८० यांची तुलनाच होत नाही.

तिची प्रगती मोजायची तर एकूण गुण बाजूला ठेवून चुकांची वर्गवारी करा. ताजा पेपर घ्या, प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एक अक्षर लिहा:

श – शाळेत अजून शिकवलेलं नाही
क – शिकवलंय, पण कळलेलं नाही
व – येत होतं, वाचताना किंवा आकडेमोडीत चुकलं
वे – वेळेअभावी सोडलं किंवा अंदाजाने रंगवलं

वर्गवारी तुम्ही एकट्याने करू नका, तिला विचारून करा. चुकलेला प्रश्न उत्तर न सांगता, घड्याळ न लावता पुन्हा सोडवायला द्या. सुटला तर "व" किंवा "वे", नाही सुटला तर "श" किंवा "क". एका बैठकीत फक्त एक विषय घ्या, ४० मिनिटांच्या आत. करून बघा आणि आकडे इथे टाका, मग पुढचं नेमकं सांगता येईल.

---

रेघोटी

पेपरांच्या संख्येबद्दल. आठवड्याला तीन पूर्ण पेपर हे नोव्हेंबरमध्ये खूपच जास्त आहेत. एक पूर्ण शिष्यवृत्ती सराव म्हणजे तीन तास. तो नीट तपासून, चुका समजून घ्यायला आणखी तेवढाच वेळ लागतो, आणि नेमका तोच कुणाकडे उरत नाही. मग मूल पुढच्या पेपरात त्याच चुका पुन्हा करतं, आणि पुन्हा पुन्हा केलेली चूक पक्की होत जाते.

डिसेंबर अखेरपर्यंत पंधरा दिवसांतून एक पूर्ण पेपर पुरे. बाकी दिवस २५ प्रश्नांच्या छोट्या घटक चाचण्या, ३० मिनिटांच्या. सराव पेपरांचे संचही जपून निवडा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरसूची असतात. त्या जानेवारीसाठी राखून ठेवा, आत्ताच वापरून संपवू नका. एक लक्षात असू द्या: २०१६-१७ च्या आधी ही परीक्षा चौथी आणि सातवीला व्हायची. घरात ताई-दादाची जुनी पुस्तकं असतील तर ती चौथीच्या अभ्यासक्रमाची आहेत, पेपरांची रचनाही वेगळी होती. त्यातले बुद्धिमत्तेचे प्रश्न सरावाला चालतील, गुणांची तुलना मात्र करू नका.

---

गणपुले_नाही

रेघोटी, पंधरा दिवसांतून एक फार कमी होतो. दीड तास एका जागी बसून ७५ प्रश्न सोडवायची सवय एकदम लागत नाही. शेवटच्या वीस मिनिटांत मुलांचं लक्ष उडतं आणि सोपे प्रश्न चुकतात. माझं मत, आठवड्याला एक पेपर हवाच, पण दोन्ही एका दिवशी नकोत: एका रविवारी पेपर एक, पुढच्या रविवारी पेपर दोन. शेवटचे तीन आठवडे मात्र दोन्ही एकाच दिवशी, मध्ये सुट्टी ठेवून, प्रत्यक्ष परीक्षेसारखे.

---

रेघोटी

हे पटलं. आलटून पालटून एक-एक ठीक आहे. अट एकच, आधीच्या पेपराच्या चुका संपल्याशिवाय पुढचा नको.

---

कोयनाकाठ

वर्गवारी केली, दोन बैठकांत.
गणितात २६ चुका: श ९, क ४, व ५, वे ८.
बुद्धिमत्तेत २५ चुका: क ८ (बहुतेक आकृत्यांचे), व ६, वे ११.
मराठीतल्या ६ पैकी ४ उताऱ्यावरच्या.
"वे" इतके निघतील असं वाटलं नव्हतं. ती घरी उत्तराला फक्त टिक करते, गोल रंगवत नाही. त्याचा संबंध असेल का?

---

फळाखडू

थेट संबंध आहे. एक गोल नीट भरायला मुलाला साधारण ५ सेकंद लागतात. ७५ गोलांचे सव्वासहा मिनिटं झाले. घरी टिक करणारं मूल परीक्षेत त्या सहा मिनिटांत निदान पाच प्रश्न हरवतं. आजपासून प्रत्येक चाचणी, अगदी २५ प्रश्नांचीसुद्धा, छापील उत्तरपत्रिकेवर आणि बॉलपेननेच. पेन्सिलची सवय लावू नका.

वेळेचं गणित असं. ९० मिनिटं, ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद, रंगवण्यासकट. सगळे प्रश्न तेवढाच वेळ घेत नाहीत, म्हणून दोन फेऱ्या करायच्या.

पेपर एक: मराठीला २२ मिनिटं, गणिताची पहिली फेरी ४५ मिनिटं, दुसरी फेरी १७, शेवटची ६ मिनिटं राखीव.
पेपर दोन: इंग्रजीला १८, बुद्धिमत्तेची पहिली फेरी ४८, दुसरी १८, राखीव ६.

पहिल्या फेरीत नियम एकच: प्रश्न वाचून रीत सुचली तर सोडवायचा, नाही सुचली तर प्रश्नपत्रिकेवर त्या क्रमांकाला गोल करून पुढे जायचं. "थोडं बघू, सुटेल" म्हणत एका प्रश्नावर चार मिनिटं गेली की पुढच्या तीन सोप्या प्रश्नांचा बळी जातो. मुलांना प्रश्न सोडून देणं जड जातं, कारण शाळेत सोडलेला प्रश्न म्हणजे आळस असं शिकवलेलं असतं. म्हणून सोडण्याचा सराव वेगळा घ्या: २५ प्रश्न द्या, १२ मिनिटं द्या आणि सांगा की जमेल तेवढे सोपे वेचायचे. दोन-तीन वेळा केलं की हात बसतो.

आता उत्तरपत्रिकेच्या चुका, ज्या ज्ञानाशी संबंधच ठेवत नाहीत:

ओळ घसरणे. ३१ वा प्रश्न सोडला आणि ३२ चं उत्तर ३१ च्या ओळीत रंगवलं, की तिथून पुढची सगळी ओळच चुकते. उपाय: रंगवण्याआधी मनात प्रश्नक्रमांक म्हणायचा, "बत्तीस, तीन". आणि प्रत्येक दहाव्या प्रश्नाला थांबून बघायचं की पेन दहाच्या पटीतल्या ओळीवर आहे ना.

दोन गोल. पेनने रंगवलेला गोल बदलता येत नाही. दोन रंगवले की गुण गेले. म्हणून अंदाजाचं उत्तर पहिल्या फेरीत रंगवायचंच नाही, शेवटच्या सहा मिनिटांत रंगवायचं. पण तेव्हा रंगवायचंच. वजाबाकी नसल्यामुळे कोरा गोल ठेवण्याचा काहीच फायदा नाही.

सगळं शेवटी रंगवू म्हणणं. काही मुलं उत्तरं प्रश्नपत्रिकेवर टिपून शेवटी एकदम उतरवतात. घंटा झाली की वीस गोल कोरे. प्रश्न सुटला की लगेच रंगवायचा.

तुमच्या दोन्ही विषयांतले मिळून १९ "वे" आहेत. त्यातले निम्मे जरी सोडवण्याच्या वेळेत आले तरी गुण हलतील, आणि त्यासाठी एकही नवा घटक शिकावा लागणार नाही. "श" चे ९ शाळा शिकवेल तसे जातील, त्यांच्यासाठी आत्ता जीव काढू नका.

---

चौकटचा_राजा

"व" आणि "क" साठी काही नेमक्या जागा सांगतो. पाचवीत त्याच त्या ठिकाणी मुलं अडकतात.

गणित:

वेळेची वजाबाकी. ४ वाजून १५ मिनिटांतून १ तास ४० मिनिटं वजा करा. मूल ४१५ मधून १४० वजा करतं आणि "२ तास ७५ मिनिटं" लिहितं. हातचा १०० चा घेतला, तासाचा हातचा ६० मिनिटांचा असतो. बरोबर उत्तर २ तास ३५ मिनिटं. पर्यायांत २.७५ सारखं फसवं उत्तर हमखास ठेवलेलं असतं.

भागाकारात मधला शून्य. ४२१८ ÷ ६ चं उत्तर ७०३. बरीच मुलं ७३ लिहितात. भागाकार झाला की उलटा गुणाकार अंदाजाने करायला शिकवा: ७० गुणिले ६ म्हणजे ४२०, मग ७३ शक्यच नाही.

एकक. ५ मीटर ५ सेंटिमीटर म्हणजे ५०५ सेंटिमीटर. ५५ किंवा ५५० लिहिलं जातं.

अपूर्णांकांची तुलना. ३/८ आणि ३/५ मध्ये मोठा कोणता? आठ मोठे म्हणून मुलं ३/८ म्हणतात, खरं तर मोठा ३/५. इथे नियम पाठ करून घेण्याआधी दोन सारख्या कागदी पट्ट्या घ्या, एकीचे आठ आणि दुसरीचे पाच सारखे भाग करून तीन-तीन भाग रंगवायला लावा. एकदा डोळ्यांनी दिसलं की विसरत नाही.

परिमिती आणि क्षेत्रफळ. चौरसाची बाजू दुप्पट केली तर परिमिती दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट. दोन्हींत दुप्पट लिहिणारी मुलं खूप.

बुद्धिमत्ता:

रांग. डावीकडून १२ वी, उजवीकडून १५ वी, तर रांगेत एकूण किती? १२ + १५ − १ = २६. ती स्वतः दोनदा मोजली गेली म्हणून एक वजा. सूत्र पाठ केलेलं मूल "मधे किती मुली" असं विचारलं की गोंधळतं, म्हणून आधी टिंबं काढूनच सोडवू द्या.

आरशातलं घड्याळ. ११:६० मधून दिसणारी वेळ वजा करायची. आरशात ३:२५ दिसत असेल तर खरी वेळ ८:३५. आरसा आणि पाणी यांत मात्र मिसळ होते. आरशात डावं-उजवं उलटतं, पाण्यात वर-खाली. खरा आरसा घेऊन अक्षरं आणि अंक एकदा दाखवा, नुसत्या पुस्तकातून हा घटक पक्का होत नाही.

दिनदर्शिका. साध्या वर्षात तोच दिनांक पुढच्या वर्षी एका वाराने पुढे जातो, मधे २९ फेब्रुवारी आला तर दोन वारांनी. १ जानेवारी २०२४ ला सोमवार होता, १ जानेवारी २०२५ ला बुधवार आहे. घरचं कॅलेंडर उघडून पडताळून बघू द्या.

ठोकळे. दिसणारे मोजून मुलं थांबतात. प्रत्येक उभ्या रांगेची उंची वरून लिहायची आणि मग बेरीज करायची, म्हणजे मागचे आणि खालचे सुटत नाहीत.

वाचनचुकांवर उपाय: प्रश्नातला "नाही", "विसंगत", "चुकीचा", "सर्वांत लहान", "क्रमाने तिसरा" असा शब्द अधोरेखित केल्याशिवाय पर्याय बघायचेच नाहीत. मराठीचा उतारा असेल तर आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. तुमच्याकडे सहापैकी चार चुका उताऱ्याच्या आहेत, त्या बहुतेक "उताऱ्यावरून समजणारं" उत्तर न देता "मला माहीत असलेलं" उत्तर दिल्याच्या असतात. बरोबर पर्यायाचा आधार उताऱ्यात कुठल्या ओळीत आहे तिथे बोट ठेवायला सांगा.

---

कोयनाकाठ

चौकटचा_राजा, वेळेची वजाबाकी तंतोतंत तशीच चुकलेली आहे, ७५ मिनिटं. नवोदयबद्दल कुणी सांगेल का?

---

सहावीचा_दप्तर

नवोदयची चाचणी वेगळ्या घडणीची आहे. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. मानसिक क्षमता ४० प्रश्न ५० गुण, अंकगणित २० प्रश्न २५ गुण, भाषा २० प्रश्न २५ गुण. म्हणजे प्रश्नाला सव्वा गुण आणि सरासरी ९० सेकंद. इथेही वजाबाकी नाही. मानसिक क्षमता पूर्ण आकृत्यांवर आहे: वेगळी आकृती, तशीच आकृती, अपूर्ण आकृती, मालिका, समसंबंध, आरसा, कागदाची घडी घालून पाडलेली छिद्रं, तुकडे जोडणं, लपलेली आकृती वगैरे दहा प्रकार, प्रत्येकी चार प्रश्न. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्तेत अक्षरं, संख्या, दिशा, नाती, रांगाही असतात. तुमच्याकडे "क" चे आठ बहुतेक आकृत्यांचेच निघालेत, म्हणजे नवोदयसाठी आकृत्या पक्क्या करताना शिष्यवृत्तीचंही काम होतं. अंकगणितात मात्र लसावि-मसावि, शतमान, नफा-तोटा असे भाग येतात, ते वेगळे शिकवावे लागतील. भाषेत उतारे असतात, त्याची तयारी तुमच्या मराठीच्या उताऱ्यांसोबतच होऊन जाते.

दोन्ही झेपतात, क्रम नीट लावला तर. १८ जानेवारीपर्यंत रोजच्या अभ्यासात आकृत्या, अंकगणित आणि एक उतारा. शिष्यवृत्तीचे इंग्रजी आणि आकृत्यांशिवायची बुद्धिमत्ता आठवड्यातून दोनदा, फक्त विसरू नये इतपत. १९ जानेवारी ते ९ फेब्रुवारी हे तीन आठवडे पूर्ण शिष्यवृत्तीचे. नवोदयनंतर पहिले दोन दिवस पुस्तक बंद.

पण याच्या आधीचा प्रश्न घरात सोडवा. निवड झाली तर तिला वसतिगृहात पाठवणार आहात का? नवोदय निवासी आहे, सहावीपासून घराबाहेर राहायचं. एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांना, आणि ही चाचणी एकदाच देता येते. पाठवायचं नाही हे मनात ठरलेलं असेल तर "नुसता अनुभव म्हणून" दोन-अडीच महिने ताण देऊ नका. पाठवायचं असेल तर तिच्याशी आत्ताच मोकळेपणाने बोला. काही मुलं मुद्दाम चुकतात, कारण निवड झाली तर घर सुटेल ही भीती त्यांना सांगता येत नाही.

---

अंगणवारा

चौथ्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

पेपर लपवणारं मूल खोटारडं नसतं. पेपर घरी आला की पुढे काय होतं हे त्याला पाठ झालेलं असतं: आधी आकडा, मग "बाकीच्यांना किती", मग चेहरा पडणं. हा क्रम बदलायला हवा.

पेपर आला त्या दिवशी गुण विचारायचे नाहीत. तो ठरलेल्या जागी ठेवायचा, बस्स. दुसऱ्या दिवशी, खाणं-खेळणं झाल्यावर, ४० मिनिटांची बैठक. सुरुवात बरोबर आलेल्या प्रश्नांपासून: "हा तुला कसा सुटला, मला सांग." अवघड प्रश्न सुटलेला असतो आणि कुणी विचारलेलंच नसतं. मग वर्गवारी. "दुसऱ्यांना किती" हा प्रश्न बैठकीत येऊ द्यायचा नाही, आजी-आजोबांना आणि काका-मामांनाही आधीच सांगून ठेवायचं.

बक्षीस क्रमांकावर लावू नका. "पहिल्या तिघांत आलीस तर सायकल" म्हटलं की मूल उत्तरसूची बघायला लागतं. खूण ओळखा: घरच्या पेपरात गुण चढतात, शाळेतल्या पेपरात नाहीत. तसं दिसलं तर आरडाओरड न करता उत्तरसूची कपाटात ठेवा आणि बक्षीस रद्द करून टाका.

ग्रुपवरच्या यादीबद्दल. भांडायला जाऊ नका, पण गप्पही बसू नका. शिक्षकांना वेगळा निरोप पाठवा, साधारण असा: "सर, सराव पेपरचे गुण प्रत्येक पालकाला वैयक्तिक पाठवाल का? मुलं यादी बघून पेपर लपवू लागली आहेत. घटकवार चुका कळल्या तर आम्हाला घरी मदत करता येईल." दोन-तीन पालकांनी मिळून सांगितलं तर शिक्षक सहसा ऐकतात, कारण यादी टाकण्याचा दबावही अनेकदा पालकांकडूनच आलेला असतो.

पोटदुखी. दोन आठवडे साधी नोंद ठेवा: कुठल्या दिवशी, किती वाजता, कधी थांबली. फक्त पेपरच्या सकाळी दुखतं आणि दुपारपर्यंत खेळायला पळते, असं असेल तर बहुधा ताण आहे. दुखणं मात्र खरंच असतं, "नाटक" म्हणू नका. सुट्टीच्या दिवशीही दुखत असेल, रात्री दुखून जाग येत असेल, उलट्या, ताप, वजन घटणं असं काही असेल तर परीक्षेचं कारण न लावता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

झोप या वयात ९ ते १२ तास. पहाटे पाचला उठवायचं असेल तर रात्री आठला झोपवावं लागेल, ते बहुतेक घरांत होत नाही. मग पहाटेचा अभ्यास नकोच. झोप तुटलेल्या मुलाच्या "व" प्रकारच्या चुका वाढतात, हे तुम्हाला त्या वर्गवारीतच दिसेल.

---

गणपुले_नाही

अंगणवारा, यादीच्या बाबतीत दुसरी बाजू मांडतो. प्रत्यक्ष परीक्षा गुणवत्ता यादीचीच आहे. स्पर्धा असते हे मुलांना कळायला नको का?

---

अंगणवारा

कळू दे ना. पण यादीतून मुलीला काय करायचं ते कळत नाही. २४० वाला मुलगा दशांश शिकून बसलाय का, त्याने तोच पेपर आधी सोडवला होता का, यातलं यादी काहीच सांगत नाही. "मागच्या वेळी वेळेअभावी १९ गेले, या वेळी १३" ही तुलना तिच्या हातातली आहे आणि तिच्यात चढाओढही आहे. आणि खरी यादी तिच्या वर्गाची नसतेच. यादीतल्या पहिल्या दोघांना हरवून शिष्यवृत्ती लागत नाही आणि त्यांच्या मागे राहून हुकतही नाही, तिघांनाही लागू शकते. मग मैत्रिणीला प्रतिस्पर्धी कशाला करायचं?

---

गणपुले_नाही

हा मुद्दा मान्य. वर्गातल्या यादीने जिल्ह्याच्या यादीत कुणाची जागा ठरत नाही, खरं आहे.

---

फळाखडू

शेवटच्या आठवड्याचं आणि निकालाचं सांगून ठेवतो, तेव्हा धावपळ होते.

शेवटचा पूर्ण पेपर परीक्षेच्या चार दिवस आधी. त्यानंतर फक्त चुकांची वही. केंद्र आधी एकदा बघून या. दोन बॉलपेन, साधं काट्यांचं घड्याळ (हॉलमध्ये चालतं का ते प्रवेशपत्रावरच्या सूचनांत वाचा), पाणी. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत पहिल्या पेपराची उत्तरं जुळवायची नाहीत. केंद्राबाहेर पालकांचा घोळका नेमकं हेच करतो, तिथून तिला बाजूला न्या, हलकं खायला द्या, दहा मिनिटं पडू द्या. पहिल्या पेपरात चूक झाली असं कळलेलं मूल दुसऱ्या पेपरात इंग्रजीपासूनच अडखळतं.

निकाल लगेच लागत नाही. आधी अंतरिम उत्तरसूची येते, तिच्यावर ठरलेल्या मुदतीत आक्षेप घेता येतात, मग अंतिम उत्तरसूची. अंतरिम निकालानंतर गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, आणि गुणवत्ता यादी त्यानंतर. अंतरिम उत्तरसूचीवरून घरी काढलेली बेरीज नातेवाइकांना कळवू नका, अंतिम सूचीत काही उत्तरं बदलतात. नवोदयचा निकाल वेगळा लागतो, त्यात निवड झाली की नाही एवढंच बघायचं असतं.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. तीन पेपरांचा एक केला आहे. निरोप आणखी दोन पालकांच्या नावाने शिक्षकांना पाठवतोय. नवोदयचं आज रात्री तिच्याशी बोलणार आहोत. एक छोटी शंका: सरावाला कोऱ्या उत्तरपत्रिका कुठून आणायच्या? दुकानातल्या पुस्तकाच्या मागे एकच असते.

---

रेघोटी

तिचीच झेरॉक्स काढा, पण आकार कमी-जास्त होऊ देऊ नका. शंभर टक्के मापावर काढायला सांगा. गोल लहान झाले की भरायला कमी वेळ लागतो आणि वेळेचा सराव पुन्हा खोटा ठरतो. ७५ ओळींची हवी, नवोदयसाठी ८० ची वेगळी. तिच्यावर तारीख टाकून पेपरासोबत टाचून ठेवा, ओळ घसरल्याची चूक नंतर शोधायला तीच लागते.